पंचगंगेच्या पुरात होव्हरक्राफ्ट चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या काही गावांतील तरुण मंडळांनी एकत्र येऊन, वर्गणी आणि देणगीतून, पाच-सहा माणसे बसतील असे एक होव्हरक्राफ्ट विकत घेण्याचे मनात आणले आहे. पावसाळ्यात ते पूरग्रस्तांना बाहेर काढण्यासाठी वापरायचे आणि उरलेले आठ महिने रंकाळ्यावर किंवा राधानगरीच्या जलाशयावर पर्यटकांना फिरवून त्याचा खर्च काढायचा, असा विचार आहे. जगात या यानाचा नागरी उपयोग कुठे यशस्वी झाला आणि आपल्या पुरात ते चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी या यानांच्या बांधणीत आणि देखभालीत सत्तावीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहतो. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर मी इथेच पाहिले. त्यामुळे या प्रश्नाकडे मला यंत्राच्या बाजूने आणि पाण्याच्याही बाजूने पाहता येते. माझे उत्तर आधीच सांगतो : गावपातळीवर हे यान घेऊ नये. मात्र या नकारामागची कारणे नीट समजून घेतली, तर हे यान कुठे घ्यावे हेही आपोआप कळेल.

होव्हरक्राफ्ट म्हणजे वेगवान बोट, ही समजूत सर्वप्रथम सोडावी लागते. बोट पाणी बाजूला सारून तरंगते. होव्हरक्राफ्ट स्वतःखाली हवा कोंडते आणि त्या हवेच्या गादीवर बसते. एक साधा हिशेब पाहू. माणसे आणि इंधन धरून यानाचे वजन १,००० किलो आहे आणि खालची गादी पाच मीटर लांब व दोन मीटर रुंद आहे, असे समजा. म्हणजे दहा चौरस मीटरवर हजार किलो, अर्थात प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो भार. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हा दाब अवघा शंभरावा भाग भरतो. सत्तर किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला, तरी त्याच्या तळव्यांखालचा दाब याच्या पंधरा-सतरा पट असतो. म्हणूनच ज्या चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, त्या चिखलावरून हे यान जवळजवळ खूण न ठेवता निघून जाते. एकाच दमात पाणी, चिखल, वाळू आणि बर्फ ओलांडण्याची ही क्षमता हाच त्याचा खरा गुण आहे. वेग त्यानंतर येतो.

काही वर्षांपूर्वी उद्यमनगरातील एका शेडमध्ये पॉलिटेक्निकच्या मुलांना मी हे प्रत्यक्ष करून दाखवले होते. चार फूट व्यासाची प्लायवुडची गोल फळी, तिच्या खालच्या बाजूला जाड प्लास्टिकचा कागद आणि वर पालापाचोळा उडवण्याचा एक ब्लोअर, एवढेच साहित्य होते. गुळगुळीत कोब्यावर दोन मुले त्या फळीवर बसली आणि तिसऱ्याने एका बोटाने ढकलताच ती शेडच्या दुसऱ्या टोकाला गेली. मग तीच फळी आम्ही बाहेर खडीवर नेली. ब्लोअर तितक्याच जोराने फिरत होता, पण खडीच्या फटींतून सगळी हवा निसटली आणि फळी जागची हलली नाही. होव्हरक्राफ्टचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी मुलांना पाच मिनिटांत समजल्या.

या यानाचा जन्मही अशाच घरगुती प्रयोगातून झाला. १९५५ च्या सुमारास ब्रिटिश अभियंता ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी एकात एक बसवलेले दोन पत्र्याचे डबे आणि हवा फुंकणारे घरगुती यंत्र वापरून असे दाखवले, की हवा कडेकडेने गोल सोडली तर तेवढ्याच ताकदीत जास्त वजन उचलले जाते. त्यातून तयार झालेल्या एस.आर.एन.१ या पहिल्या यानाने २५ जुलै १९५९ रोजी फ्रान्समधील कॅलेहून इंग्लंडमधील डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. पण ते पाण्यापासून जेमतेम वीतभर उचलले जात असे, त्यामुळे त्याहून मोठी लाट आली की अडचण होई. यानाच्या कडेने लवचिक रबरी झालर लावण्याची कल्पना सेसिल लॅटिमर-नीडहॅम यांनी पुढे आणली आणि तिथून हे यान प्रयोगशाळेतून बाहेर पडले. या झालरीला आमच्या धंद्यात सगळेच स्कर्ट म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरतो. स्कर्टच्या खालच्या भागात बोटांसारख्या सुट्या पाकळ्या असतात. एखादा अडथळा आला की तेवढ्याच पाकळ्या वाकतात आणि बाकीची हवा कोंडलेली राहते.

नागरी वापराचे सर्वांत भव्य उदाहरण इंग्लिश खाडीवरचेच आहे. १९६८ पासून एस.आर.एन.४ या प्रकारची प्रचंड याने प्रवासी आणि मोटारी घेऊन तिथे धावू लागली. वाढवलेल्या आवृत्तीत ४१८ प्रवासी आणि ६० मोटारी मावत आणि डोव्हर ते कॅले हा प्रवास साधारण ३५ मिनिटांत होई; १९९५ मध्ये तर एका फेरीने तो २२ मिनिटांत पुरा केला. तरीही १ ऑक्टोबर २००० रोजी ही सेवा बंद झाली. चार गॅस टर्बाइनांना लागणारे इंधन, झिजणारे स्कर्ट, १९९४ मध्ये खुला झालेला समुद्राखालचा बोगदा आणि १९९९ मध्ये बंद झालेली प्रवासातली करमुक्त विक्री, या सगळ्यांचा भार एकाच वेळी पडला. माझ्या मते यातली मुख्य गोष्ट अशी, की त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना चांगली खोल बंदरे होती, म्हणजे साध्या जहाजालाही तिथे काही अडचण नव्हती. जिथे साधे जहाज आरामात जाते, तिथे होव्हरक्राफ्ट केवळ वेगाच्या बळावर फार काळ टिकत नाही.

याउलट इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर साउथसी ते आइल ऑफ वाइट बेटावरील राइड हा लहानसा मार्ग १९६५ पासून आजतागायत चालू आहे. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा आहे. राइडला ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर जाते, की साध्या बोटींसाठी जवळजवळ अर्धा मैल लांबीचा धक्का समुद्रात न्यावा लागला. होव्हरक्राफ्ट मात्र त्या उघड्या वाळूवरून सरळ गावाच्या दारात येऊन बसते. जपानमधील ओइता शहर आणि त्याचा विमानतळ यांच्यामध्ये बेप्पूचा उपसागर आहे आणि रस्त्याने मोठा वळसा पडतो. तिथे १९७१ ते २००९ या काळात होव्हरक्राफ्ट चालले आणि २०२५ मध्ये ती सेवा पुन्हा सुरू झाली. चीन आणि रशिया यांच्या सीमेवर अमूर नदीच्या काठी ब्लागोव्हेश्चेन्स्क आणि हैहे ही दोन शहरे समोरासमोर आहेत. बर्फ पुरते गोठलेले नसते आणि पुरते वितळलेलेही नसते, अशा मधल्या दिवसांत नदीत ना बोट चालते ना बर्फावरून गाडी, आणि नेमक्या त्याच दिवसांत प्रवासी होव्हरक्राफ्टने नदी ओलांडतात.

कॅनडाच्या तटरक्षक दलाने तर या यानाचा बर्फ फोडण्यासाठी उपयोग केला. गादीचा दाब बर्फाच्या थराखालचे पाणी खाली ढकलतो, बर्फ अधांतरी राहतो आणि स्वतःच्या वजनाने मोडतो. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात बर्फ अडकून पाणी तुंबते आणि गावांत शिरते, ते टाळण्यासाठी हे काम केले जाते. म्हणजे पूर आल्यावर धावून जाण्याऐवजी पूर येऊच नये यासाठी होव्हरक्राफ्ट राबते. मला स्वतःला या यानाचा हा सर्वांत सुंदर नागरी उपयोग वाटतो. अलास्कातील तेलवाहिनीच्या बांधकामाच्या वेळी, युकॉन नदीवर पूल होण्याआधी, हवेच्या गादीवरच्या तराफ्यांनी अवजड सामान पलीकडे नेले होते. ब्रिटनमधील जीवरक्षक संस्थेने २००२ मध्ये मोरकॅम्बच्या उपसागरात बचावासाठी होव्हरक्राफ्ट ठेवले, कारण तिथल्या रुतणाऱ्या वाळूत बोटही पोहोचत नाही आणि गाडीही पोहोचत नाही. आपल्याकडे तटरक्षक दलाची अशी याने गुजरातमधील ओखा व जखाऊ, तमिळनाडूतील मंडपम आणि बंगालमधील हल्दिया या ठिकाणी राहिली आहेत, आणि ही चारही ठिकाणे उथळ पाण्याची किंवा दलदलीची आहेत. नव्वदच्या दशकात मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये प्रवासी होव्हरक्राफ्ट चालवून पाहिले गेले, पण ती सेवा टिकली नाही.

आता आपल्या पुराकडे येऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोळच्या बाजूला हे पाणी फुगवट्याचे असते. ते नदीच्या धारेसारखे उसळत येत नाही, पाणंदीतून, ओढ्यातून, उसाच्या शेतांतून पसरत येते आणि मग कित्येक दिवस हलत नाही. अशा पाण्यात गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसे सुखरूप पलीकडे गेलेली आहेत. म्हणजे तरंगणे हा आपला प्रश्न नाही. पाणी कुठे उथळ आहे आणि कुठे विहीर आहे ते ओळखणे, उभ्या उसातून वाट काढणे, गल्लीत वळणे, विजेच्या तारा चुकवणे, आणि म्हाताऱ्या माणसाला माडीवरून खाली बोटीत उतरवणे, हे आपले प्रश्न आहेत.

या प्रत्येक ठिकाणी होव्हरक्राफ्ट बोटीपेक्षा दुबळे ठरते. दहा फूट उंचीच्या उसातून त्याला जाता येत नाही, कारण त्याचे पंखे उघड्या हवेत असतात आणि स्कर्टखाली दाटलेला ऊस आला की हवा निसटते. गल्लीत त्याला वळवणे कठीण जाते. त्याला पाण्याची पकड नसते. मागच्या पंख्याच्या झोतात बसवलेली सुकाणूची पाती हवा वळवतात तेव्हा यानाचे तोंड फिरते खरे, पण अंग जुन्याच दिशेने घसरत राहते. बाजूने वारा आला तर ते आडवे वाहत जाते. ३० मार्च १९८५ रोजी डोव्हर बंदरात शिरताना असेच एक अवाढव्य यान वाऱ्याने ढकलले जाऊन बंधाऱ्यावर आपटले आणि चार प्रवासी दगावले. ते चालवणारे लोक अत्यंत अनुभवी होते. आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती, लोखंडी जिने आणि पाण्याखाली बुडालेल्या मोटारसायकली असतात. शिवाय पंख्याचा आवाज इतका असतो, की छपरावरून कोणी हाक मारली तर चालकाला ऐकू येत नाही, आणि बचावकार्यात ही फार मोठी उणीव आहे.

यापेक्षाही गंभीर बाब आहे ती ओझ्याची, आणि विक्रेते तिच्याबद्दल सहसा बोलत नाहीत. गादीच्या दाबाने खालचे पाणी दबते, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबात सुमारे १० सेंटीमीटर खोलगट पडते. यान चालू लागले की तो खोलगटपणा बरोबर ओढला जातो आणि पुढे लाटेचा उंचवटा तयार होतो. यानाला तो चढून ओलांडावा लागतो. आम्ही त्याला हम्प म्हणतो. पाच मीटर गादीच्या यानासाठी खोल पाण्यात हा हम्प ताशी १४ किलोमीटरच्या आसपास येतो. पाणी उथळ असेल तर तो कमी वेगाला येतो आणि अधिक तीव्र असतो. तो ओलांडला की यान एकदम हलके होते, नाक खाली बसते, तुषार मागे पडतात आणि तेवढ्याच ताकदीत वेग दुप्पट होतो. पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो क्षण स्पष्ट दिसतो. पण ओझे जास्त असेल तर हम्प ओलांडलाच जात नाही. यान तुषारांच्या ढगात, नाक वर करून, मोठी लाट उठवत, पूर्ण ताकद खर्चून रखडत राहते, आणि ती लाट जवळच्या मातीच्या भिंतींवर आदळते. पुरात छपरावर सात माणसे असतील, तर पाच घ्या आणि दोन मागे ठेवा, असे सांगण्याची हिंमत कुणाला होते? रबरी बोटीत जास्त माणसे घेणे हेही घातकच आहे. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. पण भरलेली बोट निदान हळूहळू वल्हवत नेता येते. भरलेल्या होव्हरक्राफ्टला हळू जाण्याचा पर्याय फारसा नसतो.

देखभालीविषयी एक स्वतःचा अनुभव सांगतो. कोकणातील एका खाडीत आम्ही प्रवासी सेवेसाठी एका लहान यानाची चाचणी घेत होतो. भरतीला तीन दिवस सर्व काही उत्तम चालले. चौथ्या दिवशी ओहोटी लागत असताना आम्ही काठाजवळून आलो आणि एका खडकावरून गेलो. वर जेमतेम चार बोटे पाणी होते, म्हणून कुणाला काळजी वाटली नाही. त्या खडकावर कालवे होती. कालवाच्या शिंपीची कड ब्लेडसारखी असते. यान वाळूवर बसवून खाली वाकून पाहिले, तेव्हा डाव्या बाजूच्या अकरा पाकळ्या उभ्या चिरलेल्या होत्या. काहींच्या कडा इतक्या सरळ कापल्या होत्या, की कात्रीने कापल्यासारख्या दिसत होत्या. प्रत्येक पाकळी सुटी बदलता येते ही या रचनेची सोय, पण एक पाकळी काढून नवी बसवायला, बोल्ट गंजलेले असतील तर, अर्धा तास सहज जातो, आणि आमच्याकडे सुट्या पाकळ्या सहाच होत्या. पुढची भरती येण्याआधी आम्ही उरलेल्या पाच चिरा नायलॉनच्या दोऱ्याने शिवल्या आणि यान कसेबसे धक्क्यावर आणले. ओहोटीच्या वेळी तो काठ पायी फिरून पाहिला नाही, ही आमची चूक होती. तेव्हापासून मी कुणालाही आधी वाट चालून बघायला सांगतो. आपल्या शेतशिवारात कालवे नसतील, पण पुराच्या पाण्याखाली तारेची कुंपणे, तोडलेल्या उसाची टोकदार खोडकी आणि घरांच्या बांधकामातून वर आलेल्या सळ्या आहेत.

मग आपल्या भागात या यानाला जागाच नाही का? थोडी आहे. पाणी ओसरताना दोन-तीन दिवस असे येतात, की नदीकाठच्या मळीत बोट टेकते आणि ट्रॅक्टर रुततो. त्या दिवसांत औषधे पोहोचवायला किंवा एखाद्या आजारी माणसाला आणायला हे यान खरोखर उपयोगी पडेल. जलपर्णीने भरलेल्या पाण्यातही ते वरून निघून जाते, जिथे बोटीच्या मोटरचा पंखा दर पाच मिनिटांनी गुंतून बंद पडतो. पण वर्षातल्या तीन दिवसांसाठी एका गावाने एवढा खर्च उचलू नये. जिल्हा पातळीवर, प्रशिक्षित पथकाकडे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांशी मिळून एखादे यान ठेवले, तर ते बाराही महिने कामाला येईल, कारण कोकणच्या खाड्यांत रोज दोनदा ओहोटी येते आणि तितक्याच वेळा चिखल उघडा पडतो. तिथली काही गावे ओहोटीच्या काळात बोटीलाही दुरावतात. महाराष्ट्रात होव्हरक्राफ्टचा नागरी उपयोग करायचाच असेल, तर त्याची जागा तिथे आहे, असे मी जबाबदारीने सांगतो.

पर्यटनातून खर्च काढण्याची कल्पनाही मला पटत नाही. रंकाळा लहान आहे आणि त्याच्या काठावर माणसे संध्याकाळी शांतपणे बसायला येतात. राधानगरीचा जलाशय अभयारण्यात आहे आणि तिथे गव्यांच्या कळपांना हा आवाज सहन करायला लावणे योग्य नाही. नदीवरही लांब मार्ग मिळत नाही, कारण ठरावीक अंतरावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि हे यान उतार चढते, उभी भिंत चढत नाही. शिवाय पैसे घेऊन प्रवासी बसवायचे म्हटले, की नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाची पात्रता हे सर्व आले. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात जमीन आणि पाणी दोन्हींवर चालणारी यानेही धरलेली आहेत, हे लक्षात ठेवावे.

इंधनाचे सांगायचे तर, अशा लहान यानाचे शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन माझ्या अनुभवात तासाला पंचवीस ते तीस लिटर घेते, आणि चाळीस अश्वशक्तीची मोटर लावलेली रबरी बोट त्याच्या साधारण निम्म्यात चालते. पुरात पेट्रोल पंप बंद असतात आणि कॅन डोक्यावरून आणावे लागतात, तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो.

त्यामुळे जमलेल्या रकमेतून बोटी घ्या, प्रत्येक गावासाठी निदान एक. एकाच कंपनीच्या मोटरी घ्या, म्हणजे सुटे भाग एकमेकांना देता येतील. माणसांच्या संख्येपेक्षा दहा जास्त लाइफ जॅकेट घ्या आणि त्यांत लहान मुलांच्या मापाची वेगळी ठेवा. उरलेल्या पैशांतून प्रत्येक गावातील चार मुलांना मे महिन्यात, नदी शांत असताना, बोट चालवायला आणि मोटर दुरुस्त करायला शिकवा.

आणि आणखी एक काम आहे, ज्याला पैसे लागत नाहीत. या उन्हाळ्यात पुराच्या वाटा पायी चाला. कोणत्या गल्लीची रुंदी किती आहे, कोणती विहीर कठड्याविना आहे, कोणत्या खांबावरची तार मागच्या पुराच्या खुणेपासून किती उंच आहे, हे एका वहीत लिहा आणि विहिरींच्या जागी पुराच्या पातळीहून उंच बांबू रोवून त्याला लाल कापड बांधा. ती वही घेऊन आलात, तर मी आपल्याबरोबर बसून बोटींच्या वाटा नकाशावर आखून देईन. उद्यमनगरातील त्या मुलांपैकी दोघे अजूनही माझ्याकडे येतात आणि त्यांना एक लहान होव्हरक्राफ्ट स्वतः बांधायचे आहे; तुमच्यातल्या कुणाला त्यात हात घालायचा असेल, तर तेही जरूर कळवा.